पायात काय घालू?

ज्येष्ठ संपत आला की हडपसरात हा प्रश्न हमखास कानावर येतो. "यंदा पालखीबरोबर सासवडपर्यंत चालायचं ठरवलंय. पायात काय घालू?" विचारणारी कधी मगरपट्ट्यातल्या कंपनीत काम करणारी मुलगी असते, कधी नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी. दुकानदार सांगतो, वॉटरप्रूफ बूट घ्या. घरातली आजी सांगते, जुनी चप्पल घाल. एखादा मित्र गमबूट सुचवतो. तिन्ही उत्तरांत थोडंथोडं तथ्य आहे, पण कुणीच 'का' ते सांगत नाही. ते 'का' एकदा कळलं की दुकानात उभं राहून तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

पुण्यात दोन रात्री मुक्काम करून ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची पालखी निघते. दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत एकाच वाटेने येतात. गाडीतळावर वाट फुटते. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची पालखी उजवीकडे वळून फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी करत दिवे घाट चढते आणि सासवडला पोहोचते. पुणे ते सासवड हा टप्पा जवळजवळ तीस किलोमीटरचा. दिवसभर टाळ-पखवाज चालू, अभंग चालू, मधूनच पाउली, मधूनच फुगडी, आणि वरून पाऊस. उघड्यावर, चिखलात, गाण्याच्या संगतीने इतका वेळ पायांवर राहणारी इतकी माणसं दुसरीकडे क्वचितच दिसतील. वारी ही भक्ती आहे, तिला मैफल म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण पायांना पडणारा प्रश्न सगळीकडे सारखाच. २०१० साली पुण्यात सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुढे काही वर्षं हडपसरच्याच अमनोरात भरत असे. अशा मोकळ्या मैदानावर अवकाळी पावसाची एक सर आली आणि हजारो पाय नाचले की तासाभरात राडा होतो. तिथे जाणाऱ्या पोरापोरींनाही हे प्रकरण तितकंच उपयोगी पडावं.

१. आधी चिखल ओळखा

चिखल म्हणजे माती अधिक पाणी, एवढ्यावर थांबू नका. पायाखालची माती कुठली, यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडची काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली. तिचे कण अतिशय बारीक, चपटे, एकावर एक रचलेल्या पत्र्यांसारखे असतात. पाणी या पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. म्हणून उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायाला सोडत नाही. मुरमाचं तसं नाही. त्याचे खडे जाड, पाणी मधून निघून जातं, बूट घाण होतो पण जड होत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: डांबरी रस्त्यावर वाहून आलेली चिखलाची पातळ साय. दिसायला रस्ता कोरडाठाक, पाय ठेवला की सटकन सरकतो.

पालखीच्या वाटेवर हे तिन्ही भेटतात. चालणं बहुतेक डांबरावर असतं, विसाव्याच्या जागी आणि रस्त्याच्या कडेला काळी माती, तंबूंच्या मैदानावर टाकलेला मुरूम. फक्त चिखलासाठी घेतलेलं पायताण म्हणूनच पुरत नाही.

काळ्या मातीत चप्पल रुतून बसते ती का? ओल्या ओट्यावर वाटी पालथी घालून दाबा आणि सरळ वर उचलून पाहा. ती पटकन येत नाही, कारण ओल्या कडेखालून हवा आत शिरू शकत नाही आणि बाहेरची हवा वाटीला खाली दाबून धरते. वाटीची एक कड किंचित उचलली की हवा आत शिरते आणि वाटी सुटते. चिखलातही तेच करायचं. पाय सरळ वर ओढू नका. टाच आधी उचला, पाऊल थोडं वळवा, मग काढा. ही युक्ती शेतावर काम करणाऱ्या कुणालाही शिकवावी लागत नाही, शहरातल्या माणसाला मात्र पहिली चप्पल गेल्यावर कळते.

२. एक टन माती

तळाला चिकटलेला चिखल किती महाग पडतो, याचा छोटा हिशेब करू. समजा, तीस किलोमीटरपैकी तीनच किलोमीटर खऱ्या चिखलात चाललात. गर्दीत पाऊल साधारण साठ सेंटिमीटरचं पडतं. म्हणजे ३,००० मीटर भागिले ०.६, पाच हजार पावलं. प्रत्येक पावलाला तळाशी फक्त २०० ग्रॅम चिखल आहे असं धरा. पाच हजार गुणिले २०० ग्रॅम म्हणजे १,००० किलो. तीन किलोमीटरांत तुम्ही एक टन माती थोडीथोडी करून उचलून ठेवलीत! संध्याकाळी मांड्या भरून येतात त्याचं हे एक कारण.

म्हणून तळाची नक्षी बघायची. खाचा बारीक आणि जवळजवळ असतील तर पहिल्या शंभर पावलांत त्या भरतात आणि तळ कणीक थापलेल्या पोळपाटासारखा सपाट होतो. मग पकडही नाही आणि वजनही आहेच. खाचा खोल हव्यात आणि एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे पाऊल वाकताना चिखल आपोआप गळतो. मात्र फुटबॉलच्या बुटासारखे टोकदार खुंट नकोत. डांबरावर ते टेकतात कमी आणि टोचतात जास्त. माझी मोजण्याची पद्धत साधी आहे. करंगळीचं टोक खाचेत बसलं तर खाच पुरेशी रुंद.

३. पाणी अडवायचं की जाऊ द्यायचं?

सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो.

गमबुटाची गोष्ट हडपसरच्या माणसाला जरा जवळची वाटेल. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी याच हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला, वसईला जाऊन इंग्रजांशी तह करून बसला, आणि त्याला पुन्हा गादीवर बसवायला १८०३ च्या एप्रिलमध्ये एक इंग्रज सेनापती पुण्यात आला. आर्थर वेलस्ली त्याचं नाव. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने आसईची लढाई जिंकली. पुढे हाच वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याने आपल्या चांभाराकडून घोटीव कातड्याचा उंच बूट शिवून घेतला, तो त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याच घाटाचा बूट रबरात निघाला. इंग्लंडात गमबुटाला अजून 'वेलिंग्टन' म्हणतात. ग्लास्टनबरीच्या शेतात भरणाऱ्या प्रचंड संगीत महोत्सवात पाऊस पडला की माणसं हेच बूट घालून गाणी ऐकतात. १९९७ सालचा तिथला चिखल अजून लोकांच्या आठवणीत आहे.

तिथे गमबूट शोभतो. हवा थंड, जमीन म्हणजे गायरान, आणि माणसं चालतात कमी, उभी राहतात जास्त. आपल्या पालखीच्या वाटेवर तोच बूट दगा देतो. रबरातून पाणी आत येत नाही तसं घामाचं पाणी बाहेरही जात नाही. जूनच्या दमट हवेत दोन तासांत मोजा पिळून काढण्याइतका ओला होतो. बुटाला नाडी नसते, त्यामुळे टाच आत वरखाली होत राहते. आणि खड्ड्यात पाय पडून एकदा का वरून पाणी आत गेलं, की ते बूट काढून ओतेपर्यंत तिथेच राहतं.

स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू डोळ्यांसमोर आणा: कळशी आणि रोवळी. गमबूट म्हणजे कळशी. पाणी बाहेर असेल तर बाहेरच राहील, पण आत गेलं तर आतच राहील. पट्ट्यांची सँडल म्हणजे रोवळी. तांदूळ धुताना रोवळीत पाणी येतंच, पण क्षणभरात निथळूनही जातं. आषाढाच्या तोंडावर दिवसभर चालणाऱ्याच्या पायात पाणी जाणार हे धरूनच चालायचं. ज्याला वॉटरप्रूफ बूट म्हणतात तोही घोट्यापाशी उघडाच असतो. पोटरीवरून ओघळणारं पाणी तिथून आत उतरतं. तेव्हा दुकानदाराला "पाणी आत जातं का?" असं विचारण्याऐवजी "गेलेलं पाणी बाहेर कुठून येतं?" असं विचारा. उत्तर बोटाने दाखवता आलं पाहिजे: बाजूची जाळी, तळाची भोकं, पट्ट्यांमधली मोकळी जागा.

मात्र उभं राहायचं काम असेल तर गमबूट उत्तम. पाणी वाटप करणारे, महाप्रसादाच्या मांडवात दिवसभर राबणारे, महोत्सवात रंगमंचामागे तारा ओढणारे यांनी जाड मोज्यासकट खुशाल गमबूट घालावेत आणि दर दोन-तीन तासांनी पाय उघडे करून पुसावेत.

४. चप्पल चावते म्हणजे काय होतं?

मराठीत चप्पल चावते. हा शब्द किती नेमका आहे हे फोड कसा येतो ते कळल्यावर पटतं.

पुरणपोळीचा वरचा पापुद्रा बोटाने धरून हलकेच पुढे-मागे सरकवा. पुरण जागच्या जागी राहतं, पापुद्रा सरकतो, आणि थोड्या वेळाने दोन्हींच्या मध्ये पोकळी होते. टाचेवर हेच घडतं. बूट वरच्या कातडीला धरून ठेवतो, आतलं हाड प्रत्येक पावलाला हलतं, आणि मधले थर ताणले जाऊन एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत पाणी भरलं की फोड.

यात ओलेपणा दोन प्रकारे भर घालतो. पूर्ण कोरडी कातडी बुटावरून थोडी घसरते, दमट कातडी चिकटून बसते. शिवाय भिजलेली कातडी मऊ पडते. कोरडे पोहे मुठीत दाबले तर मोडत नाहीत, भिजवलेले पोहे बोटांतच कुस्करतात. दिवसभर ओल्या राहिलेल्या तळव्याची अवस्था तीच: पांढरा, सुरकुतलेला आणि नाजूक.

मी पहिल्यांदा चाललो तेव्हा आदल्या रात्री घेतलेले कोरे बूट घातले होते. फुरसुंगीच्या आसपास टाच हुळहुळायला लागली, वडकीला पोहोचेपर्यंत दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड. घाट मी बुटांच्या मागच्या बाजू चुरगळून, त्यांची सपाता करून चढलो. मस्तानी तलाव खाली दिसत होता, दिंडीत हरिपाठ चालू होता, आणि माझं लक्ष फक्त पुढचं पाऊल कुठे टेकायचं याकडे. ते दुःख मला अजून आहे, फोडांचं नाही, त्या दिवशी न ऐकलेल्या अभंगांचं. पायताण निवडण्यावर मी एवढं लिहितोय ते त्यामुळेच. पाय दुखत असले की कान बंद होतात.

तेव्हा नियम एकच: कोरं पायताण घालून निघायचं नाही. किमान पंधरा दिवस आधी घ्या, रोज तासभर घालून हिंडा, आणि एकदा मुद्दाम बादलीभर पाणी ओतून, भिजलेल्या अवस्थेत तीन-चार किलोमीटर चाला. कोरडं असताना न चावणारं पायताण ओलं झाल्यावर चावू शकतं.

सुती मोजे टाळा. सूत पाणी धरून ठेवतं आणि मोजा गोळा होऊन बोटांखाली जातो. पातळ नायलॉनचे किंवा खेळाडूंचे कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. सँडल असेल तर मोजा नकोच. टाच, करंगळी आणि अंगठ्याची कड इथे व्हॅसलीन चोपडून निघा. दर विसाव्याला पुन्हा लावा.

५. दुकानात

संध्याकाळी जा. दिवसभराच्या वावराने पाऊल थोडं फुगलेलं असतं आणि चालण्याच्या दिवशी त्याहून जास्त फुगणार आहे. दोन्ही पायांत घालून उभे राहा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचं घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. एवढी जागा नसेल तर दिवे घाट चढून गेल्यावर पुढच्या उतारावर बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात.

मग पायताण हातात घेऊन वाकवा. ते बोटांच्या सांध्यापाशी वाकलं पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर पावलाच्या कमानीला आधार नाही असं समजा. दोन्ही टोकं धरून कपडा पिळल्यासारखं पिळा. सहज पिळलं गेलं तर खडबडीत जागी पाय मुरगळायची भीती.

आणि पट्टे ओढून बघा. पालखीमार्गावर दरवर्षी काही कारागीर रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात. त्यांच्यापुढचा ढीग एकदा नीट पाहण्यासारखा असतो. तळ झिजलेल्या चपला थोड्या. बहुतेकींचा अंगठा तुटलेला, नाहीतर पट्टा तळात शिरतो तिथून उखडलेला. चिकटवलेला जोड पाण्याने सुटतो, शिवलेला टिकतो. एक कारागीर सुई ओढता ओढता मला म्हणाले, "तळ कुणाचा खराब होत नाही माउली, सांधा होतो." नवी सँडल घेताना मी आता आधी सांधा बघतो.

टाचेचा पट्टा हवाच. साध्या स्लिपरमध्ये ती निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आकसून धरावी लागतात. आपल्या नकळत ते होत राहतं आणि वीस किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे येतात. एका वर्षी वडकीच्या विसाव्याला परभणीकडच्या एक आजी शेजारी बसल्या होत्या. पायात निळी रबरी स्लिपर, आणि तिला घोट्याभोवती सुतळीचे दोन वेढे. सुतळी कातडीला लागू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याची पट्टी. विचारलं तर म्हणाल्या, "घाटात निसटती. गेल्या साली एक चिखलात गेली, मग एकली ठिवून काय करू, दुसरी बी टाकली." शंभर रुपयांच्या स्लिपरचं त्यांनी चांगलं सँडल करून घेतलं होतं.

६. घरात आहे त्यातलं काय चालेल?

कोल्हापुरी नको. ते कातडं बाभळीची साल आणि हिरड्यासारख्या झाडपाल्याने कमावलेलं असतं. ते पाणी पितं, फुगतं, आणि सुकल्यावर वाकडं होतं. एवढं सुंदर काम चिखलात घालणं हा त्या कारागिरावरही अन्याय. कॅनव्हासचे बूट भिजले की दोन दिवस सुकत नाहीत. क्रॉक्ससारखी फोमची पायताणं हलकी, पाणी न पिणारी, भोकांतून निथळणारी. थोड्या वेळाला छान, पण आत पाय घसरतो, त्यामुळे मागचा पट्टा टाचेवर घेतल्याशिवाय घाट चढू नका. धावण्याचे जाळीदार बूट, जुने आणि सवयीचे, हे मला सँडलच्या खालोखाल आवडतात. महोत्सवातल्या गर्दीत तर सँडलपेक्षाही बरे, कारण तिथे अंधारात नाचणाऱ्यांचे पाय आपल्या बोटांवर पडतात आणि बोटं झाकलेली असणं गरजेचं असतं.

माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवलेल्या बुटांवर मात्र भरवसा ठेवू नका. पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो. हवेतला दमटपणा तो आतल्या आत फोडत जातो. बूट दिसतो नवा, पण चालायला लागलं की तळ जुन्या खोडरबरासारखा भुगा होऊन पडतो. न वापरलेल्या बुटांत हे जास्त दिसतं. तळाला अंगठ्याने जोरात दाबा. चिरा पडल्या किंवा चिकट लागलं तर तो बूट सोडून द्या.

७. अनवाणी चालणारे

दिंडीत अनवाणी चालणारे कितीतरी असतात. त्यांचा तळवा वर्षभर शेतात घट्ट झालेला असतो, आणि ज्याच्या पायात काहीच नाही त्याला चावणार तरी काय? त्यांचं बघून शहरातल्या माणसाने ऐन घाटात चपला हातात घ्याव्यात, हे मात्र मला पटत नाही. काचा, खिळे, बाभळीचे काटे चिखलात दिसत नाहीत. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात अनवाणी चालू नये. त्यांच्या तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, जखम झाली तरी कळत नाही आणि ती लवकर भरत नाही.

चिखलातून दोन आजार मुख्यतः येतात. एक साधा, बोटांच्या बेचक्यांत होणारा. आपल्याकडे त्याला चिखल्या म्हणतात, नावातच कारण सांगितलंय. बेचकी सतत ओली राहिली की बुरशी वाढते, खाज सुटते, कातडी सोलते. दुसरा गंभीर, लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून, अगदी फुटलेल्या फोडातूनही, शरीरात शिरतात. चिखलात चालून आल्यावर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना 'मी चिखलातून चाललो होतो' हे आपण होऊन सांगा. उपचार आहे, पण तो वेळेवर व्हायला हवा. जखमा झाकून ठेवा आणि धनुर्वाताची सुई कधी घेतली होती तेही आठवून बघा.

८. मुक्कामाला पोहोचल्यावर

पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या असलेल्या सैनिकांना लाखो रबरी बूट दिले गेले, तरी दिवसचे दिवस ओल्या राहिलेल्या पावलांनी हजारोंना जायबंदी केलं. उपाय सापडला तो अगदी घरगुती होता: रोज पाय उघडे करायचे, पुसायचे, तेल चोळायचे, मोजे बदलायचे, आणि जोडीदाराने जोडीदाराचे पाय तपासायचे. उष्ण प्रदेशातही, व्हिएतनामच्या भातखाचरांतून हिंडणाऱ्या सैनिकांच्या बाबतीत, तेच दिसून आलं. दिवसा पाय ओले राहिले तरी रात्रभर कोरडे मिळाले तर कातडी सावरते.

सासवडला पोहोचलात की आधी पाय. स्वच्छ पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करा, पावडर टाका. फोड असेल तर फोडू नका, स्वच्छ पट्टी लावा. कुणी सेवेकरी तळव्यांना तेल चोळून द्यायला पुढे आला तर संकोच करू नका. पाठीवरच्या पिशवीत एक जोड कोरडी, हलकी स्लिपर ठेवलेली असू द्या, ती फक्त रात्रीपुरती.

पायताणाचा सुकतळा निघत असेल तर काढून वेगळा ठेवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला, कारण पहिले बोळेच सगळ्यात जास्त पाणी ओढतात. चुलीजवळ किंवा शेकोटीला ठेवू नका, उष्णतेने चिकटवलेले जोड सुटतात. पट्टे सैल करून, तोंड वाऱ्याकडे करून तंबूच्या दोरीला अडकवा. गर्दीत सगळ्या सँडल सारख्याच दिसतात, म्हणून पट्ट्याला एखादा रंगीत दोरा बांधा. पहाटे अंधारात काकड्याचा टाळ ऐकू आला की तो दोरा चाचपून आपला जोड लगेच सापडतो.